तीन नांगर

तीन भोकं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
शर्टाच्या गुंडीएवढी.
एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार,
तिसरं पाण्यासाठी.
पाणी कशाला, मी विचारलं.
म्हणाल्या, सांधा फुगवावा लागतो,
त्याशिवाय आतलं दिसत नाही.
हे मला पटलं.
भरती आल्याशिवाय आमच्या खाडीतही
होडी आत घेता येत नाही.

चाळीस वर्षं वल्ही मारली, पीटच्या विटा उपसल्या,
त्याचं हे: दोरीसारखं एक टोक
हाडावरून सुटून मागे गेलेलं.
वरचं हाड त्याच्यावर घासत होतं, ते जरा तासणार.
मग हाडात तीन नांगर टाकायचे,
जवाच्या दाण्याएवढे,
आणि दोऱ्यांनी टोक ओढून बांधायचं.

नांगर?
जमीन फाडणारे की होडी धरणारे?
धरणारे, त्या म्हणाल्या.
मग थांबून म्हणाल्या, पण आधी थोडं नांगरावंही लागतं.
हाड खरवडून रक्त आणते मी.
रक्ताशिवाय काही रुजत नाही, फेस्टी.

शेजारच्या खाटेवर ओरन, एकोणीस वर्षांचा.
हर्लिंग खेळताना तीनदा निखळला,
चौथ्यांदा झोपेत, नुसती कूस बदलताना.
त्याच्या वाटीची फाटलेली कड शिवली होती.
रात्री दिवे गेल्यावर विचारायचा,
राहील ना जागेवर?
मी काय सांगणार, मी कोळी माणूस.
राहील, म्हणायचो.

आणि व्यायामाच्या खोलीत ब्रीजा कॅनव्हन,
पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिणारी.
गेल्या साली तिचं तर सगळं उलटंच केलं:
वाटी होती तिथे गोळा,
गोळा होता तिथे वाटी.
आणि कुणी मागितलं नसताना
हात वर नेऊन केसांत पिन खोचून दाखवायची.

मला सहा आठवडे झोळी.
चौथ्या आठवड्यात कोलमन गेला.

भाऊ माझा. होडीत तो पुढे, मी मागे.
त्याच्या चेहऱ्यापेक्षा
त्याची पाठच मला जास्त ओळखीची.

आमच्या कॉनेमारात पेटी देवळापर्यंत गाडीतून येते,
पण दफनभूमीची चढण खांद्यावरच.
सहा माणसं, जोडीजोडीनं,
एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून.
डॉक्टरीणबाईंना फोन केला.
नाही, म्हणाल्या.
डावा आहे ना, मी म्हटलं.
त्या गप्प.
मग विचारलं,
पाय घसरला तर कोणता हात टेकाल?

ते त्यांनाही माहीत होतं, मलाही.

तरी उभा राहिलो. पेटीच्या उजव्या बाजूला,
मधल्या जोडीत, डावा खांदा आत,
उजवा हात झोळीत बांधलेला, कोटाखाली.
पुढे पुतण्या डारा, मागे त्याचा मेहुणा,
दोघंही माझ्याहून वीतभर उंच.
ही जागा कुणी ठरवली, विचारलं नाही.

उचला, कुणीतरी म्हणालं.
लाकूड खांद्याला लागलं,
पण टेकलं नाही.
माझ्या आणि कोलमनच्या मधे
बोटभर हवा होती.

नव्वद किलोचा माणूस.
इतका हलका कसा?
वळणावर डाराच्या मानेकडे नजर गेली:
शिरा तटतटलेल्या, कान लालबुंद.
त्या बोटभर हवेचं वजन
तो एकटा वाहत होता.

मी गप्प.
खड्ड्यापाशी पोचेपर्यंत पावलं मात्र मोजून टाकली,
डावं, उजवं, डावं,
खांदा देणाऱ्यानं टाकावीत तशी.

आता बोटं भिंतीवर चालवतो,
खेकडा चढावा तशी.
ब्रीजानं खडूनं एक रेघ मारून दिलीय,
तिच्या तीन बोटं खाली पोचलोय.

परवा डारा आला, चहा घेता घेता म्हणाला,
काका, खांदा जरा धरलाय.
कुठला, मी विचारलं नाही.
डाव्या हातानं कपात आणखी ओतलं.